दुर्बीण सरळ, मेंदूतली वाट वाकडी

वैशाली_ओटी

नमस्कार मंडळी. गेली सोळा वर्षं मी न्यूरोसर्जरीच्या ओटीत सिस्टर आहे. मेंदूची दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हटलं की इथे बहुतेक चर्चा नाकातून काढलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठींचीच होते. मला त्याहून आत, मेंदूच्या मधोमध जाणाऱ्या दुर्बिणीबद्दल लिहायचंय. तिचं टोक आतल्या आत वळवणारी छोटी यंत्रं तयार होताहेत असं वाचते. जाणकारांकडून तेही समजून घ्यायचंय.

आधी वाट सांगते. मेंदूच्या आत चार कप्पे असतात आणि त्यांत पाणी खेळत असतं, सीएसएफ. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिली, पण दिवसभरात तयार होतं ५०० मिलीच्या आसपास. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं. डाव्या-उजव्या बाजूचे दोन मोठे कप्पे मन्रोच्या छिद्रातून मधल्या तिसऱ्या कप्प्यात उघडतात. तिथून अ‍ॅक्विडक्ट नावाची अगदी बारीक वाट चौथ्यात जाते आणि मग पाणी मेंदूच्या बाहेरच्या अंगाला येतं. ही बारीक वाट तुंबली की वरचे कप्पे फुगतात. तान्ह्या बाळाचं डोकं वाढत जातं, टाळू ताणली जाते, डोळे खाली ओढल्यासारखे दिसतात. आपल्याकडे याला 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात.

यावरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे ईटीव्ही. केसांच्या रेषेमागे कवटीला एक भोक, त्यातून स्कोप मोठ्या कप्प्यात, मन्रोतून तिसऱ्यात, आणि तिसऱ्याच्या तळाला एक छोटं भोक. पाण्याला तुंबलेली जागा टाळून बाहेर पडायला नवी वाट मिळते. पोटापर्यंत नळी नको, शरीरात कायमची वस्तू नको.

आमची तयारी अशी. स्कोप आला की पांढऱ्या गॉजसमोर धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्रातले रंग खरे दिसतील असं बघायचं. मग कॅमेरा फिरवून चित्रात 'वर' कुठे आहे ते नक्की करायचं, कारण आत गेल्यावर ते तिरकं निघालं तर सरांचं डावं-उजवं चुकतं. रिंगर लॅक्टेट, म्हणजे शस्त्रक्रियेत आत सोडायचं सलाइनसारखं पाणी, अंगाच्या तापमानाला आणून ठेवलेलं. ते आत जातं तेवढंच बाहेर येतंय ना, यावर माझी नजर सतत असते. बाहेरची वाट बंद राहिली तर आतला दाब चढतो आणि भूलतज्ज्ञांच्या मॉनिटरवर बाळाचे ठोके उतरू लागतात.

स्क्रीनवर पहिलं दिसतं ते पाण्यात हलणारं लालसर, झालरीसारखं कोरॉइड प्लेक्सस, हे पाणी तयार करणारा भाग. त्याचा माग काढत गेलं की ते जिथे बुडी मारतं, तिथे मन्रो. तिसऱ्या कप्प्याच्या तळाशी दोन पांढरे गोल शेजारी शेजारी, मॅमिलरी बॉडीज. त्यांच्या पुढे तळ इतका पातळ झालेला असतो की खालची बॅसिलर धमनी ठोके देताना कळते. तिला टाळून, बरोबर मधल्या रेषेत भोक पाडायचं आणि त्यात फोगार्टी नावाच्या बारीक नळीच्या टोकाचा छोटा फुगा फुगवून ते रुंद करायचं. फुगा काढल्यावर तळाचा पडदा पाण्याबरोबर वर-खाली फडफडू लागला की ओटीतले सगळे श्वास सोडतात. इतक्या वर्षांनंतरही तो क्षण आला की मला भरून येतं.

आता अडचण. कधीकधी अ‍ॅक्विडक्ट तुंबण्याचं कारण मागच्या बाजूची, पिनिअल ग्रंथीजवळची गाठ असते. मग एकाच वेळी दोन कामं असतात: पुढे तळाला भोक पाडायचं आणि मागे गाठीचा तुकडा तपासणीला घ्यायचा. आमचा स्कोप सरळ, पोलादी, बाहेरून साधारण ६ मिमी जाड. एकाच भोकातून पुढेही बघायचं आणि मागेही, म्हणजे तो आत कलता करावा लागतो. तो टेकतो कशाला? मन्रोच्या काठाला. आणि त्या काठाच्या पुढच्या बाजूला फॉर्निक्स आहे, आठवण साठवण्याच्या कामातला मेंदूचा धागा. म्हणून सर कवटीतल्या भोकासाठी कधी दोन्हींच्या मधली जागा निवडतात, कधी दोन वेगळी भोकं पाडतात.

शंभर वर्षांपूर्वीही हीच गोष्ट होती. १९१० साली शिकागोतल्या लेस्पिनास नावाच्या मूत्रविकाराच्या सर्जनने मूत्राशयाची दुर्बीण दोन बाळांच्या मेंदूत घातली आणि पाणी तयार करणारं प्लेक्सस जाळलं. एक बाळ शस्त्रक्रियेनंतर गेलं, दुसरं पाच वर्षं जगलं. १९२३ साली बॉस्टनमध्ये मिक्स्टरने मूत्रमार्गाच्या दुर्बिणीने तिसऱ्या कप्प्याच्या तळाला भोक पाडलं, ती पहिली ईटीव्ही. पुढे हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांनी चित्र लख्ख झालं, कॅमेरे आले. पण दांडा सरळच राहिला.

माझा प्रश्न असा: दांडा तसाच ठेवून फक्त टोक वळवता येईल का? काम कुठवर आलंय?

काजवा

वैशालीताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी कॅथेटर बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला उलट्या टोकाने माहीत आहे. आम्हाला टोक वळवणं जमतं, पण ते नेमकं कोणत्या काठाला लागू नये हे तुमच्यासारख्यांनी सांगेपर्यंत कळत नाही.

जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल आठवा, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. आता समजा, यातली प्रत्येक नळी आधीच थोडी वाकवलेली आहे आणि नितिनॉल या लवचिक मिश्रधातूची आहे, म्हणजे दाबली तर सरळ होते, सोडली की आपल्या मूळ वाकावर येते. बाहेरच्या सरळ नळीतून आतली जशी बाहेर काढाल तशी ती वळते. फिरवाल तशी वळण्याची दिशा बदलते. दोन-तीन नळ्या सरकवून आणि फिरवून हवा तसा 'एस' तयार होतो. यात दोऱ्या नाहीत, सांधे नाहीत, त्यामुळे जाडी सुईइतकी ठेवता येते. २००६ च्या सुमारास अमेरिकेत दोन गटांनी हे स्वतंत्रपणे मांडलं, एकात पिएर ड्युपाँ, दुसऱ्यात रॉबर्ट वेबस्टर. ड्युपाँ पुढे बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात गेले. मुलांच्या मेंदूतले हे कप्पे त्यांच्या कामाचा विषय झाले, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

दुसरा रस्ता जयदेव देसाई यांचा, आधी मेरीलँड आणि आता जॉर्जिया टेकमध्ये. त्यांच्या मिनिर या यंत्राचं टोक तापवलं की आकार बदलणाऱ्या मिश्रधातूवर चालतं. रुग्ण एमआरआयमध्ये असतानाच ते चालवता यावं हा त्यामागचा विचार. गाठ काढताना मेंदू जागचा हलतो, सकाळच्या स्कॅनवरचा नकाशा दुपारी खोटा ठरतो, म्हणून.

तिसरा रस्ता चुंबकाचा. २०१९ मध्ये एमआयटीच्या योन्हो किम आणि श्वेनहे झाओ यांच्या गटाने ०.६ मिमीपेक्षा बारीक तार दाखवली. तिच्या अंगात चुंबकीय कण आहेत, वरून ओल्या जेलचा गुळगुळीत थर आहे. बाहेर चुंबक फिरवला की टोक वळतं. पण ती रक्तवाहिन्यांच्या सिलिकॉनच्या प्रतिकृतीतून नेली होती, पाण्याच्या कप्प्यांतून नाही. या दोन वाटांची लोक फार गल्लत करतात.

राहिला कॅमेरा. तो आता अडसर नाही असं माझं मत आहे. ०.५७५ मिमी चौरसाचा सेन्सर २०१९ पासून आहे, खसखशीच्या दाण्याहून लहान. मात्र चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचं. तुमच्या ओटीतल्या स्क्रीनची सवय असलेल्याला ते धुरकट वाटेल.

डॉ_सुमेध

वैशालीताईंनी वर्णन अचूक केलंय. न्यूरोसर्जन म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

एक. टोक वळवता येणारी दुर्बीण आमच्याकडे पूर्वीपासून आहे, बोटाच्या खटक्याने वळणारी फायबरस्कोप. तिचं चित्र हजारो काचतंतूंतून येतं म्हणून जाळीदार दिसतं. लख्ख हवं तर सरळ दांडा, वळायचं असेल तर धूसर चित्र, अशी ही ओढाताण आहे. आणि तरीही या धूसर दुर्बिणीने फार मोठं काम झालंय. युगांडात म्बाले इथल्या मुलांच्या रुग्णालयात बेंजामिन वॉर्फ यांनी २००० नंतर ईटीव्हीच्या जोडीला प्लेक्सस जाळणं सुरू केलं. वळणाऱ्या स्कोपमुळे त्यांना एकाच भोकातून दोन्ही बाजूंचं प्लेक्सस गाठता आलं. सरळ दांड्याने हे होत नाही. जिथे शंट, म्हणजे डोक्यातलं पाणी पोटात नेणारी नळी, बंद पडला तर मूल वेळेत रुग्णालयात पोचेल याची शाश्वती नाही, तिथे याचं मोल काय असेल बघा.

दोन. रक्त. उघड्या शस्त्रक्रियेत रक्त आलं की सक्शन, कापूस, शीर जाळून बंद करणारा बायपोलर चिमटा असतो. इथे सगळं पाण्यात चालू असतं. एक बारीक शीर फुटली तरी स्क्रीन लाल होते आणि काहीच दिसत नाही. अशा वेळी स्कोप जागचा न हलवता शांतपणे पाणी सोडत राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वेळ पडली तर त्याहून जास्त. बहुतेक वेळा ते थांबतं. सुईइतक्या यंत्रातून पुरेसं पाणी सोडता येईल का, हा माझा काजवा यांना पहिला प्रश्न आहे. टोक किती अंशांत वळतं हा दुसरा.

काजवा

डॉक्टर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. नळी निम्म्या व्यासाची केली की तेवढ्याच दाबाला पाणी सोळाव्या हिश्श्याने येतं. त्यामुळे मला सगळ्यात पटणारी रचना अशी: ताईंचा ६ मिमीचा दांडा तसाच राहू दे, पाण्याच्या वाटाही त्यातच राहू देत. त्याच्या कामाच्या वाटेतून फक्त दोन बारीक नितिनॉलचे हात बाहेर यावेत. दांडा मन्रोत सरळ उभा, वळतील ते हात. मागचं बघायला वेगळं बारीक कॅमेऱ्याचं टोक.

गोदाकाठ

माझ्या पत्नीला थॅलॅमसमध्ये गाठ आहे, खूप खोल. बायोप्सी सुचवली आहे. नाशिकला एक मत घेतलं, मुंबईला दुसरं घेतोय. एका ठिकाणी 'रोबोटने करू' म्हणाले. हा धागा वाचून आशा वाटली. हे वळणारं यंत्र तिथे असेल का? आम्ही थांबावं का?

डॉ_सुमेध

गोदाकाठ, थांबू नका. तुम्हाला सांगितलेला रोबोट वेगळा आहे. तो कवटीच्या बाहेर असतो. स्कॅनवर ठरवलेल्या रेषेत सुई नेमकी धरून ठेवणारा एक अत्यंत स्थिर हात. मेंदूत जाते ती साधी सरळ सुईच. ही पद्धत १९८५ पासूनची आहे, कॅलिफोर्नियात प्यूमा २०० नावाच्या कारखान्यातल्या यंत्रहाताने तेव्हा अशी पहिली बायोप्सी झाली. आज ती सरावाची गोष्ट आहे. रोबोट नसेल तर डोक्याला चौकट लावूनही तेच काम उत्तम होतं. त्यामुळे यंत्राच्या नावावर रुग्णालय ठरवू नका. अशा बायोप्सी ते किती वेळा करतात आणि तुकडा पाहणारा पॅथॉलॉजिस्ट कोण, हे विचारा. वर चर्चा झालेली नवी वळणारी यंत्रं मेंदूच्या रोजच्या उपचारात अजून नाहीत.

वैशाली_ओटी

गोदाकाठ दादा, बायोप्सीच्या दिवशी ताईंचे आधीचे सगळे स्कॅन सीडीसकट घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको. रक्त पातळ होण्याची कुठलीही गोळी चालू असेल, अगदी साधी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, तर आधीच सांगा. काही लागलं तर इथे लिहा. आम्ही आहोत.

निशिगंध

मी जर्मनीत येना इथे असते, काम प्रकाशतंतूंचं. 'मेंदूत खोलवर बघणं' याचा आमच्या जगातला अर्थ थोडा वेगळा आहे, तो सांगते. तुम्ही कप्पे बघता, आम्हाला एकेक पेशी बघायची असते, जिवंत, काम करताना.

मेंदू दुधासारखा आहे, प्रकाश आत शिरला की विखुरतो. दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने वरून साधारण १ मिमीपर्यंत नीट दिसतं. त्याखालचं बघायचं तर भिंगाची कांडी आत खुपसावी लागते. अर्धा ते एक मिमी जाडीची कांडी. आपल्याला ती बारीक वाटते, पण उंदराच्या मेंदूत तिच्या वाटेत येणाऱ्या सगळ्या पेशी मरतात. म्हणजे जे बघायला गेलो तेच मोडून बसलो.

त्यावर टोमाश चिझमार यांच्या ब्रनो आणि येना इथल्या गटांनी काढलेला मार्ग मला विलक्षण सुंदर वाटतो. एकच काचेचा तंतू, केसाइतका. २०२३ मध्ये त्यांनी ११० मायक्रॉन (०.११ मिमी) जाडीच्या तंतूने उंदराच्या मेंदूत अगदी खोलवर पेशींचे धागे, त्यांचं काम आणि रक्ताचा प्रवाह पाहिला. अशा तंतूत एका टोकाने चित्र घातलं तर दुसऱ्या टोकाला नुसता ठिपक्यांचा गोंधळ निघतो. पण तो गोंधळ ठराविक असतो. एकदा मोजून ठेवला की प्रकाश आधीच असा उलटा विस्कटून सोडता येतो की तंतूच्या शेवटी तो एका बिंदूत जमतो. तो बिंदू फिरवत चित्र टिपायचं.

आणि इथे ताईंचं शीर्षक मला पुन्हा आठवलं. तंतू थोडा जरी वाकला तरी मोजलेलं सगळं फिसकटतं. केसाइतका बारीक, पण सरळच धरावा लागतो. वाकलेल्या तंतूतून चित्र काढण्यावर जगभर काम चालू आहे. ते साधलं की काजवा यांच्या नळीच्या टोकाला आमचा तंतू बसेल. गाठीचा तुकडा काढण्याआधी जागेवरच पेशी बघता येतील.

मनवाचीआई

मी या विषयातली नाही. पण ताईंनी लिहिलेलं 'पडदा फडफडतो' हे वाचून रडू आलं, म्हणून लिहिते.

मनवा तीन महिन्यांची असताना डोकं वाढतंय हे सासूबाईंच्या लक्षात आलं. टोपडं लहान व्हायला लागलं होतं, दर पंधरा दिवसांनी नवीन शिवत होतो. शंट घातला. ज्या रुग्णालयात घातला तिथे आम्हाला कुणीही सांगितलं नाही की ही नळी बंद पडू शकते. सात वर्षांची झाली तेव्हा सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. तीन दिवस आम्ही पित्त समजून लिंबूपाणी देत होतो. चौथ्या दिवशी शाळेतून फोन आला की ती बाकावर झोपलीय, उठत नाही. दुसऱ्या गावी नेलं, तिथे दुर्बिणीने भोक पाडलं आणि जुना शंट काढून टाकला. आज ती अकरावीत आहे.

माझ्या मनात कायम राहिलेला प्रश्न: तीन महिन्यांची असतानाच दुर्बीण का नाही केली? आमचं चुकलं का?

डॉ_सुमेध

मनवाची आई, तुमचं काहीही चुकलं नाही. शंट घालण्याचा निर्णयही चूक म्हणता येणार नाही.

टोरोंटोच्या ए. व्ही. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ईटीव्हीच्या यशाचा अंदाज बांधायला सोपी गुणपद्धत दिली. वय, कारण आणि आधी शंट होता का, या तिन्हींचे गुण मिळवायचे. जी बेरीज येते तेवढे टक्के शक्यता सहा महिन्यांनी ईटीव्ही चालू असण्याची. मनवाचं कारण अ‍ॅक्विडक्ट अरुंद असणं हे धरलं, तर तीन महिन्यांची असताना वयाचे १०, कारणाचे ३०, आधी शंट नाही म्हणून १०. एकूण ५०. सातव्या वर्षी वयाचे ४०, कारणाचे ३०, शंटचे शून्य. एकूण ७०. तान्ह्या बाळात ईटीव्ही जास्त वेळा बंद पडते, ती का, हा अजून अभ्यासाचा विषय आहे.

याच कुलकर्णी, वॉर्फ आणि सहकाऱ्यांनी युगांडातल्या १०० बाळांची थेट तुलना केली, संसर्गानंतर डोक्यात पाणी झालेली, सहा महिन्यांखालची. निम्म्यांना दुर्बीण, निम्म्यांना शंट. २०१७ साली निकाल आला: वर्षभरानंतर बाळांच्या बौद्धिक वाढीत लक्षणीय फरक नव्हता. मी दुर्बिणीच्या बाजूचा माणूस आहे, तरी पालकांना हे आवर्जून सांगतो.

न सांगण्याबद्दल मात्र तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. शंट असो वा ईटीव्ही, घरी जाताना कागदावर लिहून द्यायला हवं: सकाळची डोकेदुखी, उलट्या, वाढती झोप, डोळ्यांत फरक दिसला तर वाट न बघता रुग्णालयात. मनवाची ईटीव्हीसुद्धा पुढे कधी बंद होऊ शकते. शक्यता कमी आहे, पण झालं तर झपाट्याने होतं. ती शिकायला बाहेरगावी गेली तर तिच्या मैत्रिणींनाही हे माहीत असू द्या.

मनवाचीआई

डॉक्टर, फार वर्षांचं ओझं उतरलं. कागद आजच लिहून तिच्या दप्तरात ठेवते.

गोदाकाठ

कळवतो: बायोप्सीची तारीख मिळाली. चौकट लावून करणार आहेत. डॉक्टरांनी सांगितलेले प्रश्न विचारले, समाधानकारक उत्तरं मिळाली. सर्वांचे आभार.

वैशाली_ओटी

गोदाकाठ दादा, तारखेच्या दिवशी आठवण काढेन.

काजवा, तुमच्या रचनेबद्दल एक ओटीतली गोष्ट. आमचा स्कोप केस संपल्यावर माझ्या हातात येतो. प्रत्येक वाटेतून ब्रश फिरवायचा, पाणी मारायचं, हवेने कोरडं करायचं, मग निर्जंतुकीकरणाला पाठवायचं. वाट जितकी बारीक तितकं आत काहीतरी चिकटून राहण्याचं भय. एकात एक तीन नळ्या असतील तर त्या मला सुट्या करता आल्या पाहिजेत, आणि उजेडात धरून आरपार बघता आलं पाहिजे. एकदाच वापरून फेकायच्या केल्यात तर आमच्यासारख्या ठिकाणी त्या दुसऱ्यांदा वापरल्या जातीलच. युगांडाचं डॉक्टरांनी लिहिलं, तर तिथलीच आणखी एक गोष्ट ऐकली आहे. भारतात बनणारा छाब्रा शंट तेव्हा ३५ डॉलरचा होता आणि परदेशी शंट ६५० डॉलरचा, वॉर्फ यांनी दोन्ही १९५ मुलांत तपासले आणि वर्षभराच्या निकालात फरक आला नाही. तुमच्या नळ्या कुणी बनवायला घेतल्या तर किंमत ठरवताना हे समोर असू दे.

आणि हा धागा सुरू झाल्यापासून मी एक गोष्ट नव्याने बघायला लागलेय. काल पिनिअलचीच केस होती, नऊ वर्षांचा मुलगा. तळाचं भोक झालं, मग सरांनी गाठीकडे बघायला स्कोप मागे कलता केला. एरवी माझी नजर पाण्याच्या वाटेवर असते, काल मी स्क्रीनवर मन्रोच्या मागच्या काठाकडे बघत होते. तिथून एक निळी शीर जाते. स्कोप टेकला तशी ती बघता बघता फिकी पडली, रिकामी झाली. मी म्हटलं, "सर, शीर." सरांनी हात थांबवला, तसूभर मागे घेतला. शीर पुन्हा निळी भरली. मग त्यांनी तिथूनच, जेवढं दिसत होतं तेवढ्यातून तुकडा घेतला.